न बजावता परत आलेलं वॉरंट

११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदलाचे कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांना प्रेम आहुजा यांच्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. शिक्षा झाली म्हणजे आरोपीला तुरुंगात नेणं आलं. त्यासाठी अटकेचं वॉरंट निघालं आणि बजावणीसाठी सत्र न्यायालयाच्या पोलीस अधिकाऱ्याकडे गेलं. ते बजावलं गेलंच नाही. राज्यपालांच्या आदेशामुळे बजावणी करता येत नाही, असा शेरा घेऊन ते परत आलं. आरोपी फरार नव्हता की त्याचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता असंही नाही. तो कुलाब्यात, आयएनएस कुंजाली या नौदलाच्या तळावर, नौदलाच्या कोठडीत होता.

नानावटी खटल्यावर लिहिलं गेलं आहे ते बहुतेक प्रेमप्रकरण, ज्युरी आणि ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाची मोहीम यांच्याबद्दल. ते सगळं इथे बाजूला ठेवतो. मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो तो हे वॉरंट. सैन्यातल्या अधिकाऱ्याला पोलीस अटक करू शकतात का, केली तर त्याला ठेवायचं कुठे, आणि ‘आमचा माणूस आमच्याकडेच राहू द्या’ असं सैन्यदल म्हणालं तर न्यायालयाने किती ऐकायचं, हे तिन्ही प्रश्न या एका कागदावर येऊन थांबतात.

गणवेशातल्या माणसाला पोलिसांना हात लावता येत नाही, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. पोलिसांतही तो आहे आणि सैन्यातही. कायद्यात मात्र तो सापडत नाही. तिथे काही मोजक्या मर्यादा आहेत, आणि त्या कुठे सुरू होतात नि कुठे संपतात हे या प्रकरणातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या प्रकरणातून क्वचितच दिसेल.

२७ एप्रिल १९५९

नानावटी तेव्हा आयएनएस म्हैसूर या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. पत्नीने प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर ते नौकेवर गेले आणि तिथल्या भांडारातून एक रिव्हॉल्व्हर व सहा गोळ्या घेतल्या. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचं आहे, असं कारण सांगितलं. हे कारण खोटं होतं. पुढे कायद्याच्या अंगाने हा तपशील फार कामाला येतो, म्हणून तो लक्षात ठेवायला हवा.

आहुजांच्या घरी गोळ्या झाडल्यानंतर नानावटी गेले ते नौदलाचे प्रोव्होस्ट मार्शल कमांडर सॅम्युएल यांच्या निवासस्थानी. प्रोव्होस्ट मार्शल म्हणजे नौदलाच्या अंतर्गत पोलीस व्यवस्थेचा प्रमुख. आपल्या हातून एका माणसावर गोळी झाडली गेली आहे असं वाटतं, असं नानावटींनी त्यांना सांगितलं आणि आता कुठे हजर व्हायचं ते विचारलं. सॅम्युएल यांनी त्यांना ठेवून घेतलं नाही. सीआयडी कार्यालयात जाऊन उपायुक्त लोबो यांच्यापुढे हजर व्हा, असं सांगितलं, आणि लोबोंना फोनही केला. नानावटी तिकडे गेले आणि स्वाधीन झाले.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ज्या अधिकाऱ्याच्या हाती नौदलातल्या माणसाला ताब्यात घेण्याचा अधिकार होता, त्यानेच क्षणाचाही घोळ न घालता ओळखलं की हे काम नागरी पोलिसांचं आहे. त्या संध्याकाळी कायदा सगळ्यांना नीट ठाऊक होता. तो धूसर व्हायला लागला नंतर.

सॅम्युएल यांचं उत्तर बरोबर कसं होतं ते पाहू. नौदल कायदा, १९५७ नुकताच अमलात आला होता. लष्कराचा १९५० चा कायदा आणि हा कायदा या बाबतीत एकाच वाटेने जातात. सैन्यातल्या माणसाने सैन्याबाहेरच्या नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार केला, तर एरवी त्याचं कोर्ट मार्शल, म्हणजे सैनिकी न्यायालयातला खटला, होऊच शकत नाही. तो प्रत्यक्ष युद्धजन्य सेवेवर असेल, भारताबाहेर असेल किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या ठिकाणी असेल, तरच सैनिकी न्यायालयाला अधिकार मिळतो. नानावटी मुंबईत, शांततेच्या काळात, एका नागरिकाच्या घरात होते. हा खटला नौदलाला चालवताच येत नव्हता. तपास पोलिसांचा, आरोपपत्र पोलिसांचं, खटला सत्र न्यायालयात. अटकही अर्थातच पोलिसांची.

याच कायद्यांमध्ये अटकेपासून संरक्षण देणारी कलमंही आहेत, आणि ती वाचली की चित्र आणखी स्वच्छ होतं. लष्कर कायद्याचं कलम २८ सांगतं की सैन्यात असेपर्यंत त्या माणसाला कर्जापोटी दिवाणी किंवा महसुली न्यायालयाच्या हुकमाने अटक करता येणार नाही. कलम २९ कोर्ट मार्शलपुढे हजर राहणाऱ्यांना जाता-येता आणि कामकाजाच्या वेळी दिवाणी व महसुली अटकेपासून जपतं. फौजदारी गुन्ह्याबद्दलच्या अटकेला सरसकट बंदी मात्र कुठेच नाही. संसदेला तशी बंदी घालायची असती तर कर्जाच्या अटकेसाठी वेगळं कलम लिहायचं कारणच पडलं नसतं. उलट कलम १०४ पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्यावर काम सोपवतं: लष्करी गुन्ह्यातला आरोपी त्यांच्या हद्दीत असेल आणि त्याच्या कमांडिंग ऑफिसरने लेखी मागणी केली, तर त्याला पकडून लष्कराच्या ताब्यात द्यायला मदत करायची. म्हणजे लष्करालाही आपला माणूस पकडायला पोलिसांचा हात लागतो, हे कायद्याने गृहीत धरलेलं आहे.

एक पत्र आणि बदललेली कोठडी

मे १९५९ मध्ये नानावटींना मॅजिस्ट्रेटपुढे उभं केल्यावर मुंबईच्या फ्लॅग ऑफिसरचं, म्हणजे नौदलाच्या तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं, पत्र आलं आणि त्यावरून मॅजिस्ट्रेटने आरोपीला नौदलाच्या कोठडीत ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हापासून खटला संपेपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ, नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहिले.

त्यावेळच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सैन्याच्या ताब्यात आरोपी देण्याची तरतूद होती: कलम ५४९, आणि त्याखालचे १९५२ चे नियम. पुढे १९७३ च्या संहितेत ती कलम ४७५ झाली, आणि आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५२१ आहे. शब्द थोडेफार बदलले तरी गाभा तोच राहिला. आरोपी सैनिकी कायद्याखालचा असेल आणि त्याच्यावर दोन्हीकडे, नागरी न्यायालयातही आणि कोर्ट मार्शलमध्येही, खटला चालू शकत असेल, तर मॅजिस्ट्रेटने योग्य प्रकरणात त्याला कमांडिंग ऑफिसरच्या हवाली करायचं. कशासाठी? कोर्ट मार्शलने खटला चालवावा यासाठी. कलमात हेतू लिहिलेला आहे.

नानावटींच्या बाबतीत तो हेतू नव्हताच, कारण कोर्ट मार्शल शक्यच नव्हतं. खटला सत्र न्यायालयात चालणार होता आणि आरोपी राहणार होता नौदलाकडे. खटला एकीकडे, ताबा दुसरीकडे. मॅजिस्ट्रेटने हे चुकीच्या हेतूने केलं असं मी म्हणत नाही. कच्च्या कैद्याला सुरक्षित आणि हजर ठेवायचं एवढाच प्रश्न असेल, तर नौदलाची कोठडी वाईट नव्हती. नानावटी पळून जातील अशी भीती कुणालाच नव्हती. पण ही सोय होती, हक्क नव्हता. आणि सोयीला मुदत, अटी आणि कारणं लिहून ठेवली नाहीत की ती हळूहळू हक्काचं रूप घेते. या प्रकरणात नेमकं तेच घडलं.

खटला स्वतः इथे थोडक्यात पुरे. ज्युरीने, म्हणजे नागरिकांमधून निवडलेल्या पंचांनी, आठ विरुद्ध एक अशा मताने ‘दोषी नाही’ ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटण्याजोगा वाटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. न्या. शेलत आणि न्या. नाईक यांच्या खंडपीठाने कौल बाजूला ठेवून नानावटींना दोषी धरलं.

राज्यपालांची सही

शिक्षा झाली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी संविधानाच्या अनुच्छेद १६१ खाली, म्हणजे शिक्षा माफ किंवा तहकूब करण्याच्या राज्यपालांच्या अधिकारात, आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयात करायच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा तहकूब, आणि तोवर नानावटींनी आयएनएस कुंजालीमधल्या नौदलाच्या कोठडीत राहायचं, ही अट. आदेशामागे आपला सल्ला होता, हे पंतप्रधान नेहरूंनी उघडपणे सांगितलं.

या आदेशाची रचना बारकाईने पाहिली तर ती विचित्र आहे. शिक्षा तहकूब झाली तर माणूस मोकळा व्हायला हवा, जामिनावर असावा तसा. इथे तो मोकळा होत नाही, पण तुरुंगातही जात नाही. तो नौदलाकडे राहतो. म्हणजे शिक्षेला आळा घालणं हा आदेशाचा खरा परिणाम नव्हताच. ताबा कुणाचा, एवढंच त्याने ठरवलं. नागरी तुरुंगाच्या दारापासून आरोपीला वळवून तो पुन्हा नौदलाच्या दारात नेला गेला. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने सुरू झालेली सोय आता राज्याच्या सर्वोच्च पदाच्या सहीने चालू राहिली, तीही उच्च न्यायालयाच्या निकालाची शाई वाळायच्या आत.

आणखी एक गोष्ट. कोर्ट मार्शलच्या शिक्षेत दया दाखवण्याचा अधिकार अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपतींना आहे. इथे सही राज्यपालांची होती, कारण शिक्षा नागरी न्यायालयाने भारतीय दंडविधानाखाली दिलेली होती. म्हणजे आदेश काढणाऱ्यांनाही हे मान्यच होतं की गुन्हा, खटला आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी नागरी कायद्याच्या आहेत. फक्त कैदी तेवढा नागरी तुरुंगात नको होता.

वॉरंट परत आल्यावर उच्च न्यायालयाने ते नुसतं फायलीला लावलं नाही, याचं मला कौतुक वाटतं. न्यायालयाचा हुकूम बजावला गेला नाही, मग का नाही, हे विचारणं त्याने आपलं काम मानलं. पाच न्यायमूर्तींचं विशेष पीठ बसलं. महाधिवक्ता सीरवई यांनी सरकारची बाजू मांडली. पीठाने राज्यपालांचा आदेश वैध ठरवला: अनुच्छेद १६१ चे शब्द व्यापक आहेत, शिक्षा तहकूब करण्याचा अधिकार त्यात आहे, आणि तोवर सर्वोच्च न्यायालयापुढे काही प्रलंबितही नव्हतं.

हजर व्हा, मग ऐकू

दरम्यान नानावटींनी सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका दाखल केली, आणि तिथे एका साध्या नियमाशी गाठ पडली. कैदेची शिक्षा झालेल्या माणसाने आधी शिक्षेसाठी हजर व्हायचं, त्यानंतर याचिका सुनावणीला लागते, असा त्या न्यायालयाचा नियम होता. नानावटींनी सूट मागितली. कारण दिलं राज्यपालांच्या आदेशाचं: मी नौदलाच्या कोठडीत आहे, शिक्षा तहकूब आहे, मग वेगळं हजर कशाला व्हायचं?

५ सप्टेंबर १९६० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उत्तर दिलं. (मधल्या काळात १ मे रोजी मुंबई राज्याचं विभाजन होऊन महाराष्ट्र झाला होता, पण खटल्याच्या नावात ‘मुंबई राज्य’च राहिलं.) सरन्यायाधीश सिन्हा यांच्यासह चौघांचं मत एक पडलं, न्या. कपूर यांचं वेगळं. बहुमताने म्हटलं की पूर्ण माफी देण्याचा राज्यपालांचा अधिकार अबाधित आहे, खटला सर्वोच्च न्यायालयात असतानासुद्धा. मात्र अपील न्यायालयापुढे असताना शिक्षा तहकूब ठेवायची की नाही, हे ठरवणं त्या न्यायालयाचं काम आहे. त्या काळापुरता राज्यपालांना तो अधिकार वापरता येत नाही. एकाच वेळी दोन ठिकाणांहून दोन वेगळे हुकूम निघू लागले तर कायद्याचा कारभार चालणार नाही, म्हणून राज्यपालांच्या आणि न्यायालयाच्या, अशा दोन्ही अधिकारांना आपापली जागा दिली पाहिजे, अशी ही मांडणी होती. न्या. कपूर यांना अनुच्छेद १६१ वर अशी मर्यादा घालणं पटलं नाही. शब्दांत नसलेली मर्यादा न्यायालयाने वाचू नये, हा त्यांचा मुद्दा हलका नव्हता.

निकालात नौदलाच्या कोठडीबद्दल मोठं तत्त्वज्ञान नाही. तरी त्याचा परिणाम तिथेच झाला. सूट नाकारली गेली आणि नानावटींना नागरी तुरुंगात जावं लागलं. फ्लॅग ऑफिसरच्या पत्रापासून सुरू झालेली व्यवस्था तिथे संपली. अपील २४ नोव्हेंबर १९६१ रोजी फेटाळलं गेलं आणि जन्मठेप कायम राहिली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. अनुच्छेद तोच, १६१. तेव्हा कुणी आक्षेप घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण न्यायालयाचं काम पुरं झालं होतं आणि माफीचा अधिकार बहुमताने आधीच मान्य केलेला होता. माफी योग्य होती की नाही यावर वाद घालता येईल. ती कायदेशीर होती, यावर नाही.

आज असं घडलं तर

१९५९ मध्ये नसलेली एक तरतूद आज आहे, आणि पोलीस ठाण्यात पहिला गोंधळ तिच्यामुळेच होतो. १९७३ च्या संहितेत कलम ४५ आलं. १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४२ आहे. सशस्त्र दलाच्या सदस्याने अधिकृत कर्तव्य बजावताना केलेल्या, किंवा कर्तव्य म्हणून केल्याचं दाखवलेल्या, कृत्याबद्दल त्याला केंद्र सरकारच्या संमतीशिवाय अटक करता येत नाही. राज्य सरकारला अधिसूचना काढून हेच संरक्षण सुव्यवस्था राखणाऱ्या आपल्या दलांना लागू करता येतं.

सगळा भार ‘कर्तव्य’ या शब्दावर आहे, माणसाच्या हुद्द्यावर नाही. नाक्यावर न थांबलेल्या गाडीवर गस्तीच्या अधिकाऱ्याने गोळी झाडली, तर ते कृत्य चुकीचं ठरू शकेल, गुन्हाही ठरू शकेल, पण त्याचा कर्तव्याशी संबंध उघड आहे. तिथे संमतीशिवाय अटक नाही. तोच अधिकारी सुट्टीवर असताना रस्त्यावरच्या भांडणात कुणाचं डोकं फोडतो, तेव्हा कलम ४२ त्याच्या मदतीला येत नाही. सरकारी नोकराच्या संरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये मातजोग दोबे खटल्यात कसोटी घालून दिली ती हीच: कृत्य आणि कर्तव्य यांच्यात वाजवी संबंध हवा. लाच घेणं हे कर्तव्याचा भाग असू शकत नाही, हे त्याआधी १९४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गिल खटल्यात सांगितलंच होतं.

या कसोटीवर नानावटींना आजही संरक्षण मिळालं नसतं. रिव्हॉल्व्हर नौदलाचं होतं, गोळ्या नौदलाच्या होत्या, हातात घेणारा कामावरचा अधिकारी होता. पण अहमदनगरच्या प्रवासाचं कारण खोटं होतं आणि पुढचं सगळं खासगी होतं. सरकारी शस्त्राने केलेलं कृत्य सरकारी काम होत नाही.

अटकेनंतर पोलिसांनी त्याच्या कमांडिंग ऑफिसरला कळवायला हवं. ते आरोपीवर मेहेरबानी म्हणून नव्हे, तर पुढचा प्रश्न लगेच सुटावा म्हणून: खटला कोण चालवणार? खून, सदोष मनुष्यवध आणि बलात्कार सोडून बऱ्याच गुन्ह्यांत दोन्ही न्यायालयांना अधिकार असतो. तिथे लष्कर कायद्याच्या कलम १२५ नुसार पहिली निवड लष्कराच्या सक्षम अधिकाऱ्याची असते. ती फौजदारी न्यायालयाला मान्य नसेल तर कलम १२६ खाली प्रश्न केंद्र सरकारकडे जातो आणि त्याचा निर्णय अंतिम ठरतो. इथे पोलिसांनी घासाघीस करण्यात अर्थ नाही. पण ही निवड खटल्याची असते. गुन्हा नोंदवणं, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब यांना ती थांबवत नाही.

खरी अडचण येते ती कर्तव्यावर असताना झालेल्या मृत्यूंमध्ये, विशेषतः सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात. जम्मू-काश्मीरमधल्या पथरीबल इथे मार्च २००० मध्ये पाच जण मारले गेले. ते दहशतवादी नव्हते, असा निष्कर्ष काढून सीबीआयने पाच लष्करी व्यक्तींवर आरोपपत्र दाखल केलं. १ मे २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केंद्राच्या मंजुरीशिवाय न्यायालयाला या खटल्याची दखल घेता येणार नाही, आणि कोर्ट मार्शल हवं की नागरी न्यायालय हे आधी लष्कराने सांगावं. लष्कराने प्रकरण आपल्याकडे घेतलं आणि जानेवारी २०१४ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून बंद केलं. सीबीआयने गोळा केलेला पुरावा उघड न्यायालयात तपासला गेला नाही. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांसाठी हा शेवट किती कठोर आहे, हे सांगायला कायद्याची भाषा लागत नाही.

कुंजाली आणि पथरीबल ही प्रकरणं एका मापाने मोजता येत नाहीत. पहिल्यात कायदा नागरी बाजूने स्पष्ट होता आणि सोयीने त्याला वाकवलं. न्यायालयाने तो सरळ केला. दुसऱ्यात कायद्यानेच निवडीची किल्ली लष्कराच्या हाती दिली होती, आणि न्यायालयाने ती तिथेच राहू दिली. मला दुसऱ्या स्थितीची जास्त काळजी वाटते. चुकलेला आदेश अपिलात दुरुस्त होतो. मंजुरी नाकारली की अपिलापर्यंत पोहोचायला खटलाच उरत नाही. मंजुरी देताना किंवा नाकारताना कारणं लेखी असावीत आणि ती पीडितांच्या कुटुंबाला मिळावीत, एवढी तरी तरतूद विशेष अधिकारांच्या कायद्यात हवी, असं माझं मत आहे.

पहिल्या प्रकारच्या प्रसंगासाठी नवा कायदा नको, शिस्त पुरे. सैन्यदलाचं पत्र आलं की मॅजिस्ट्रेटने पहिला प्रश्न विचारावा: तुम्ही या आरोपीचं कोर्ट मार्शल करणार आहात का? उत्तर ‘हो’ असेल तर कलम ५२१ आहे, आरोप असलेल्या गुन्ह्याच्या लेखी निवेदनासह हवाली करावं. उत्तर ‘नाही’ असेल तर ती फक्त विनंती आहे. सुरक्षेचं किंवा प्रकृतीचं ठोस कारण असेल तर ती मान्य करायला हरकत नाही, पण कारण आदेशात लिहावं, मुदत घालावी, आणि शिक्षा होताच ही व्यवस्था आपोआप संपेल असंही त्यातच नमूद करावं. मे १९५९ च्या आदेशात ही शेवटची ओळ असती, तर मार्च १९६० मध्ये नौदलाच्या कोठडीत ‘चालू ठेवण्यासारखं’ काही उरलंच नसतं.